वरवंट्याची पाठ आणि मी

बसण्यासाठी माझा जन्म झाला, मित्रांनो, पण ज्या दिवशी माझ्यावर बसलेल्या माणसाला उठवलं गेलं, त्या दिवशी माझं आयुष्य सार्थकी लागलं. मी घडीची लोखंडी खुर्ची. माझ्या पाठीवर पांढऱ्या रंगात ११७ हा आकडा आहे. त्यातला सात निम्मा उडाल्यामुळे काही लोक मला १११ समजतात. मी मनावर घेत नाही.

सुरुवातीला मी एक सरळ नळी आणि एक सपाट पत्रा होते. कारखान्यात एका यंत्राने नळीला वाकवलं, आणि पत्र्यावर एक वजनदार ठोकळा येऊन आदळला. त्यामुळे बैठकीला तो उथळ खळगा पडला, जो प्रत्येक माणसाला आपल्यासाठीच केलेला वाटतो. मग रिबिटा ठोकल्या आणि राखाडी रंग दिला. रंगारी म्हणाला, "हा रंग कुणाच्या डोळ्यांत भरत नाही." हे कौतुक होतं का, ते मला अजून कळलेलं नाही.

आम्ही दोनशे बहिणी एका ट्रकमधून या सभागृहात आलो. पहिली काही वर्षं भाषणांत गेली. एका वक्त्याने 'थोडक्यात सांगायचं तर' असं अकरा वेळा म्हटलं. माझ्यावर बसलेले आजोबा तेवढ्या वेळात झोपले, उठले आणि पुन्हा झोपले. मला वाटलं, जगणं म्हणतात ते हेच.

मग रविवारच्या दुपारी कुस्ती सुरू झाली.

मातीतली नव्हे. चार खांब, तीन दोऱ्या, पंचाची शिट्टी आणि अंगाला घट्ट बसणारे कपडे, ती कुस्ती. रिंगच्या जमिनीबद्दल लोकांचा फार गैरसमज आहे. वर ताडपत्री, तिच्याखाली बोटभर जाडीचा फोम, त्याखाली लाकडी फळ्या आणि फळ्यांखाली पोकळी. लोकांना वाटतं, आत गादी असेल. आत गादी नाही, मित्रांनो. आत आमचे वॉचमनकाका आपला जेवणाचा डबा ठेवतात.

त्या फळ्यांवर मी पहिल्यांदा एक माणूस पडताना पाहिला. डोक्यावर उचललेला, हवेत आडवा झालेला, मग धाडकन खाली. मी वस्तू आहे. वस्तू पडली की मोडते किंवा वाकते, तिसरा प्रकार मला ठाऊक नव्हता. हा माणूस पडला, क्षणभर पडून राहिला आणि उठून पहिल्या रांगेतल्या आजींना म्हणाला, "काय बघताय? तुमचे चेहरे बघून माझी भूक मेली!"

आजींनी त्याला छत्री दाखवली. माझ्या चारही पायांत मुंग्या आल्या.

तो वरवंटा.

वरवंटा हा आमचा खलनायक. बावीस वर्षं रविवारी तो पंचाच्या डोळ्यांत पावडर टाकत होता, दोरीआडून गळे आवळत होता आणि शेवटी हरत होता. बाकीचे सहा दिवस तो लोकांच्या घरी फ्रिज आणि कपाटं पोचवायचा. पाचव्या मजल्यापर्यंत, पाठीवर. बावीस वर्षांत एकाही फ्रिजला त्याने ओरखडा पडू दिला नाही. त्याची थोरली बहीण, जिला सगळे ताईच म्हणायचे, ती दाराशी तिकिटं फाडायची आणि खेळ झाला की त्याच्या खांद्याला पट्ट्या बांधायची.

या लोकांची एक रीत आहे. कुस्तीत खुर्ची मारायची असेल, तर ती मारणाऱ्याने निवडायची नाही. मार खाणाऱ्याने निवडायची. ज्याची पाठ, त्याची पसंती. खेळाच्या आधी वरवंटा दोनशे खुर्च्यांमधून हिंडायचा. एकेकीच्या कडेवरून अंगठा फिरवायचा, रिबिटा चाचपायचा, टिचकी मारून आवाज ऐकायचा. लग्नासाठी मुलगी बघायला आलेले लोकही इतकं बारकाईने बघत नाहीत, आणि ते तर चहाही घेतात. पसंत पडलेली खुर्ची पहिल्या रांगेत, कोपऱ्यापासून तिसरी ठेवायची आणि तिच्यावर लाल टॉवेल टाकायचा. टॉवेल म्हणजे इथे कुणी बसायचं नाही.

पहिल्यांदा टॉवेल माझ्यावर पडला, तेव्हा मला नवरीसारखं वाटलं. मार देणं मला जमेल का, याची धाकधूक होती. पण मार देणारा मला उचलायचा तो पोर उचलल्यासारखा. बैठकीचा सपाट भाग पुढे, कड कधीच नाही. माझा आवाज मोठा व्हायचा आणि वरवंट्याच्या पाठीवर माझ्या आकाराचा लाल चौकोन उठायचा. पाठ पुढच्या रविवारपर्यंत दुखायची. पण हाड मोडायचं नाही. एवढी ताकद आणि एवढी काळजी एकाच हातात मी त्याआधी पाहिली नव्हती, नंतरही नाही.

आता वर्तमानपत्रांविषयी माझं मत सांगते. खुर्चीला मत असतं का, असं विचारू नका. अग्रलेख लिहिणारे खुर्चीवर बसूनच लिहितात. थोडं वर गेलं तर थोडं खालीही झिरपत असेल.

वॉचमनकाका रोज सकाळी एका खुर्चीवर बसून शहरातलं वर्तमानपत्र मोठ्याने वाचतात, बहुधा माझ्यावर. त्यामुळे बावीस वर्षांचं वार्तांकन मला तोंडपाठ आहे. आमची बातमी 'आज शहरात' या सदरात यायची. वर पाणीपुरवठा बंद, खाली हरवलेलं मांजर, मध्ये आम्ही. एकदा त्यांनी नाटकाचा समीक्षक पाठवला. त्याने लिहिलं, खलनायकाचे संवाद बाळबोध आहेत. एकदा गुन्हे वार्ताहर आला आणि दुसऱ्या दिवशी मथळा होता : 'भरदुपारी इसमास खुर्चीने मारहाण, दोनशे जणांनी बघ्याची भूमिका घेतली'. एकदा फोटो छापला तोही उलटा. त्यात वरवंटा छताला चिकटलेला दिसत होता. सगळ्यांत जास्त दाद त्याच फोटोला मिळाली.

आणि बातमी कुणाचीही असो, शेवटचं वाक्य ठरलेलं : 'अर्थात हे सारे लुटुपुटीचे असते.'

मला हे समजत नाही. रंगमंचावर राजा मरतो, तेव्हा कुणी उठून ओरडत नाही की तो मघाशी विंगेत पान खात होता. झुल्यावरची बाई हवेत दोन कोलांट्या घेते, तिला कुणी विचारत नाही की किती कोलांट्या ते आधी ठरलं होतं का. कुस्तीत कोण हरणार, हे ठरलेलं असतं. मान्य. पण फळ्यांना ते कुणी सांगून ठेवलेलं नसतं. त्या प्रत्येक वेळी पहिल्यांदाच भेटल्यासारख्या लागतात.

असो. मुद्द्यावर येते. वक्त्यांच्या सहवासात वर्षं काढली, त्याचा थोडा परिणाम होणारच.

एका रविवारी सकाळी वरवंटा आणि ताई रिंगच्या दोऱ्या ताणत होते. त्याची मान बरेच दिवस धरली होती.

"डॉक्टर काय म्हणाले ते नीट सांग," ताई म्हणाली.

"म्हणाले, मानेतले दोन मणके एकमेकांशी बोलेनासे झालेत."

"चेष्टा नको."

"आज शेवटची कुस्ती, ताई. झालं? आज संपलं."

"आणि खुर्ची?"

"आज खुर्ची नाही."

"शपथ?"

"तुझ्या गळ्याची."

ताईने पुढची दोरी ताणायला घेतली. थोड्या वेळाने त्यानेच विचारलं, "बाबा येतील का ग?"

"मी विचारलं. म्हणाले, कुठे छापलंय?"

इथे त्यांच्या वडिलांविषयी सांगायला हवं. बाबांनी जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालयात अडतीस वर्षं काढली होती. नोंद नसेल, तर समोर उभा असलेला माणूसही जन्मला आहे हे ते मानत नसत. एकदा स्वतःच्या सख्ख्या काकांना त्यांनी दाखला येईपर्यंत पाच दिवस जिवंत धरलं होतं. निवृत्तीनंतर त्यांनी हा विश्वास वर्तमानपत्राच्या खेळाच्या पानावर ठेवला. त्या पानावर जे आलं तो खेळ, बाकी सगळा टाइमपास. मुलगा बावीस वर्षं काय करतो, हे कुणी विचारलं तर ते सांगत, "फ्रिज पोचवतो." रविवारी काय करतो, असं विचारलं तर सांगत, "रविवारी सुट्टी असते."

"आज तो खेळाच्या पानाचा बातमीदार येणार आहे," वरवंटा म्हणाला. "मी तीनदा फोन केला. चार ओळी तरी देईल. ताई, आज आलं तर आलं. परत छापायला मी पडणार नाहीये."

एवढं बोलून तो खुर्च्या बघायला आला.

होय, मित्रांनो. बहिणीच्या गळ्याची शपथ घेऊन अर्धा तास झाला नव्हता. शेवटची कुस्ती आणि तीही खुर्चीविना, हे त्याला पटलं नसावं. ताई तिकिटांच्या टेबलाशी गेल्यावर त्याने माझ्या कडेवरून अंगठा फिरवला, टिचकी मारली, माझा आवाज ऐकला आणि मला कोपऱ्यापासून तिसरी ठेवून लाल टॉवेल टाकला.

दुपारी बातमीदार आला. भरलेल्या अंगाचा, घामाघूम, खांद्याला पिशवी. ताईने त्याला पहिल्या रांगेत आणलं. माझ्या शेजारी ४२ नंबरची होती. तिच्या बैठकीच्या कडेला पत्रा चिरलेला, आणि ती चावते हे सगळ्या सभागृहाला माहीत. मागच्या खेपेला आलेल्या वार्ताहराची पँट तिने फाडली होती, आणि त्याने लिहिलेली बातमीही तशीच फाटकी होती. ताईची नजर माझ्यावर गेली. भावाने तपासलेली, एकही रिबिट सैल नसलेली खुर्ची. आणि आज खुर्ची मारायची नाही, हे भावाने शपथेवर सांगितलेलं, म्हणजे टॉवेल नुसत्या सवयीने टाकला असणार. मग पाहुण्यासाठी याहून चांगली जागा कुठली? तिने टॉवेल उचलला, त्यानेच मला पुसलं आणि म्हणाली, "बसा साहेब. ही आमची सगळ्यांत चांगली खुर्ची."

साहेब बसले. माझ्या नळ्यांनी निःश्वास सोडला. पडद्याआड बूट बांधत असलेल्या वरवंट्याला यातलं काहीच दिसलं नाही.

कुस्ती सुरू झाली. समोर होता झगमग. चंदेरी चड्डी, चंदेरी बूट, लोकांचा लाडका. झगमग एरवी चष्म्याच्या दुकानात काम करायचा आणि स्वतः चष्म्याशिवाय त्याला हत्ती आणि हातगाडी यातला फरक कळायचा नाही. रिंगमध्ये चष्मा चालत नाही. म्हणून तो सगळं पाठ करून यायचा : इतकी पावलं, इकडे वळायचं, कोपऱ्यापासून तिसरी.

वीस मिनिटं वरवंट्याने त्याला छळलं. लोक उभे राहून ओरडत होते. बातमीदार मात्र बसूनच होता. वहीत त्याने एकच ओळ लिहिली होती, तीही तारखेची.

मग ठरलेली वेळ आली. पंच बुटाची नाडी बांधायला वाकला. झगमग दोरीखालून बाहेर आला, पावलं मोजत पोचला, त्याने हात घातला आणि त्याच्या हाताला बातमीदाराचं पोट लागलं.

झगमग गोंधळला. त्याने पुन्हा चाचपलं. पोटच होतं. मग त्याने शेजारी हात घातला आणि ४२ नंबर उचलली.

मला ओरडता आलं असतं, तर मी ओरडले असते. ती चिरलेली कड त्या मानेवर बसली असती, तर उद्याची बातमी पहिल्या पानावर आली असती आणि तिच्यात डॉक्टरांचं म्हणणंही असतं.

वरवंट्याने रिंगमधून पाहिलं. थांबा म्हणता येईना. दोनशे माणसांसमोर खलनायक 'ती नको, ही घे' असं कसं म्हणणार? तो गर्जना करत दोरीवरून बाहेर आला, त्याने झगमगच्या हातातली ४२ लाथेने उडवली आणि तो सरळ बातमीदारापुढे उभा राहिला. छाती ठोकत त्याने सगळ्या सभागृहाला ऐकू जाईल अशी डरकाळी फोडली, "हा कोण बसलाय माझ्या राज्यात!" आणि मग ओठ न हलवता, फक्त आम्हा दोघांना ऐकू येईल असं म्हणाला, "साहेब, जरा उठता का?"

"मी पत्रकार आहे," बातमीदार पुटपुटला.

"तुला चिरडून टाकीन!" वरवंटा गरजला. आणि हळूच, "माहितीये हो. मीच फोन केला होता. तुमच्याखाली माझी खुर्ची आहे. दुसरीने मान जाईल."

"पण तुमचं सगळं तर..."

"उठा ना साहेब. बसून नाही दिसत ते."

बातमीदार उठला.

वरवंटा मला उचलून रिंगमध्ये घेऊन गेला, जणू झगमगलाच मारणार. मग त्याने मला हातातून निसटू दिलं. मागोमाग रिंगमध्ये शिरलेल्या झगमगच्या बरोबर पायाशी, बैठक वर. आणि पाठ फिरवून तो लोकांना दंड दाखवू लागला.

पुढचा क्षण मी आजवर पुष्कळांना सांगितला आहे. बहुतेक वेळा ४२ नंबरला, आणि तिला तो आवडत नाही. झगमगने मला उचललं. मी वर गेले, दिव्यांच्या इतक्या जवळ की माझ्या राखाडी रंगालाही चमक आली. खाली ती पाठ होती. खांद्यापासून कमरेपर्यंत रुंद, फ्रिजांनी घासून गुळगुळीत झालेली. मी खाली येत असताना त्या पाठीतून श्वास बाहेर गेला, सगळाच्या सगळा, अगदी वेळेवर. हनुवटी छातीला टेकली, दुखरी मान आत गेली. मी बसले. त्या पाठीवर आधीही बसले होते, पण या वेळी एवढ्या जोराने की माझा पत्रा आत गेला आणि आजवर बाहेर आलेला नाही. वरवंटा गिरकी घेऊन ताडपत्रीवर उताणा पडला. दोन्ही तळहात, दोन्ही खांदे, सगळं एकाच वेळी टेकलं. फळ्यांनी तोफेसारखा आवाज काढला. काकांचा डबा आतल्या आत उलटला.

मग शांतता. एवढ्या माणसांची शांतता किती मोठी असते, हे भाषणांच्या काळात मला कधी कळलं नव्हतं. छत्रीवाल्या आजी तोंडावर हात धरून उभ्या होत्या. बातमीदारही उभा होता. त्याची वही खाली पडली होती आणि त्याला ते माहीत नव्हतं.

नंतर पडद्याआड ताई भावाच्या मानेला पट्टा बांधत होती. "खोटारड्या," ती म्हणाली.

"तेच तर माझं काम आहे."

"आणि मी तुझी मान त्या जाड्याखाली दिली."

"तू चांगली खुर्ची दिलीस ग. माझं ऐकलंस, हीच चूक झाली."

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी पेपर उघडला. खेळाचं पान, अगदी तळाशी, टेनिसच्या निकालाखाली. काकांनी चष्मा पुसून दोनदा वाचलं. 'वरवंटा पराभूत. अखेरच्या लढतीत झगमगने खुर्चीच्या साहाय्याने विजय मिळवला. पडताना वरवंट्याचे दोन्ही तळहात व खांदे एकाच क्षणी टेकले आणि मान मात्र टेकली नाही. प्रस्तुत प्रतिनिधीने हे उभे राहून पाहिले.' बस्स. लुटुपुटीचं वाक्य नव्हतं.

दुपारी बहीण-भाऊ रिंग सोडवत असताना सभागृहात एक म्हातारे गृहस्थ आले. इस्त्रीचा शर्ट, काखेत चौघडी घातलेला पेपर.

"पंच कुठे होता?" त्यांनी दारातूनच विचारलं.

वरवंट्याच्या हातातली दोरी सुटली. "बाबा?"

"खुर्ची आणली, तेव्हा पंच कुठे बघत होता?"

"नाडी बांधत होता."

"एवढा वेळ?"

"बाबा," ताई म्हणाली, "ते सगळं आधी ठरलेलं..."

"ठरलेलं असतं ते मला कळतं. मी नोंदणी कार्यालयात होतो, माठ नाही." ते रिंगपाशी आले. फळीवर बोटाच्या पेराने टकटक करून त्यांनी आवाज ऐकला. पोराने खुर्च्यांचा ऐकावा, तसाच. "पडायचं कधी, ते ठरलेलं. पण पडायचं कसं, ते कोण ठरवतं?"

"ते मीच."

"आणि ते चुकलं?"

"नाही."

"मग पराभूत कसं छापलं?"

बाबा माझ्यावर बसले, लगेच उठले आणि त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. बैठकीच्या खळग्यात आता दुसरा, खोल खळगा होता. त्यांनी त्यात तळहात ठेवला. मग मुलाला पाठमोरं व्हायला सांगितलं, त्याचा सदरा वर केला आणि तोच तळहात त्याच्या पाठीवरच्या निळ्या-लाल चौकोनावर ठेवला. हलकेच. तो हात बराच वेळ तिथेच होता. वरवंटा हलला नाही. बावीस वर्षांत त्याला कुणी एवढा वेळ धरून ठेवलं नव्हतं, झगमगनेसुद्धा नाही.

"कागद आहे का?" बाबांनी ताईला विचारलं. "लिही. संपादक महाशय, स. न. वि. वि. आपल्या आजच्या अंकात खेळाच्या पानावर एक चूक झाली आहे."

ताई तिकिटांच्या पाठीवर लिहू लागली.

"माझा मुलगा गेली बावीस वर्षे पडत आहे. आजपर्यंत तो एकदाही चुकून पडलेला नाही." ते थांबले. खिशातून रुमाल काढून त्यांनी उगाचच चष्मा पुसला. "कृपया तशी नोंद घ्यावी."

"खाली तुमचं नाव घालू?"

"नको. 'वरवंट्याचे वडील' असं लिही."

मित्रांनो, माझी गोष्ट एवढीच. आता माझ्यावर कुणी नीट बसू शकत नाही. बसलेला माणूस डावीकडे कलतो. म्हणून मला रांगेतून काढून भिंतीशी टेकवलं आहे आणि काका माझ्यावर टोपी अडकवतात. परवा एक लोहार सभागृहाची दारं दुरुस्त करायला आला होता. माझ्याकडे बघून म्हणाला, हिचा पत्रा दोन हातोड्यांत सरळ करून देतो. काका हो म्हणायच्या बेतात आहेत. तुमची त्यांच्याशी ओळख असेल, तर माझं एवढं काम करा. त्यांना सांगा, गंजू नये म्हणून वर्षातून एकदा तेलाचा बोळा फिरवा, पावसाळ्यात ओलीच्या भिंतीपासून दूर ठेवा. बाकी त्या खळग्याला हात लावू नका. तो बिघाड नाही. तिथे एक माणूस अगदी नीट पडला होता.